स्ट्रेचरवरचा माणूस

नानांच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. आकड्यात वर्ष विचाराल तर घरात दोन मतं आहेत, पण जुळं झालं यावर एकमत आहे. त्या दोन बाळांनी आळीपाळीने रडायचा असा काही नेम धरला, की लेकीकडे राहायला गेलेले नानांचे वडील, आबा, ठरल्यापेक्षा आधीच पिशवी उचलून नानांकडे परत आले. आबा तेव्हा परत आले नसते तर वाचनालयाच्या बाईंना ते रस्त्यात भेटले नसते, पुढचं काही घडलं नसतं आणि नानांचा पाय शाबूत राहिला असता. म्हणजे दोष कोणाचा हे शोधत गेलं, तर तो थेट त्या दोन पाळण्यांपर्यंत जाऊन पोचतो. प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या नाना काही दिवस तिथपर्यंत गेलेही होते.

नाना पाणीपुरवठा खात्यात तक्रारीच्या टेबलावर होते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि 'बघतो' म्हणायचं, हे त्यांचं काम. असा माणूस घरी आला की त्यालाही वाटतं, आता कोणीतरी आपलं ऐकावं. त्यासाठी नानांकडे एक फोटो होता.

पुढच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर तो टांगलेला होता. जुन्या वर्तमानपत्रात छापून आलेला, मग पुस्तकातून, कॅलेंडरवरून घरोघर गेलेला. नदीचं पात्र, मागे धूर, मोडका पूल. गुडघाभर पाण्यातून चार सैनिक एक स्ट्रेचर नेताहेत, आणि स्ट्रेचरवर डोक्याला पट्टी बांधलेला एक जवान डोळे मिटून पडलाय. तो जवान म्हणजे आबा. दूधवाला, मीटर वाचायला येणारा, चुकून दुसऱ्याच मजल्याची बेल वाजवणारा, कोणीही आलं की नाना त्याचा दंड धरून फोटोपुढे उभं करायचे.

"हे आमचे आबा. गोळी चाटून गेली डोक्याला. केसाइतकं अंतर. केसाइतकं!"

हे चाललं की आबा खुर्चीतून उठायचे आणि बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे. नानांच्या मते हा त्यांचा विनय होता. नानांच्या बायकोच्या मते कुंड्या कुजत चालल्या होत्या.

तर वाचनालयाला त्या वर्षी बरीच वर्षं पूर्ण होत होती. ग्रंथपालबाईंच्या मनात आलं, की हा फोटो मोठा करून वाचनकक्षात लावावा आणि त्यावरचा पडदा सरकवायचा मान आबांनाच द्यावा. आबा "बघू" म्हणाले. नाना म्हणाले, "त्यांचा होकार आहे." त्याच दिवशी त्यांनी आपला कोट इस्त्रीला टाकला. आबांचा नव्हे, आपला.

कार्यकारिणीच्या बैठकीला नाना खास आमंत्रित म्हणून गेले. मोठा करून आणलेला फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. बिस्किटं फिरली, चहा झाला, आणि ठराव मंजूर होणार इतक्यात मास्तर उभे राहिले.

मास्तर नानांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. इतिहास शिकवून निवृत्त झालेले. शाळा सुटली तरी इतिहास सुटला नव्हता, आणि समोर वर्ग नसल्यामुळे तो सगळा जिन्यात भेटणाऱ्यांच्या वाट्याला यायचा. मास्तरांनी खिशातून भिंग काढलं.

"फोटो बनावट आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "मांडलेला आहे, एवढंच म्हणतोय."

"मांडलेला म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे उभं राहा, चाला, थांबा, असं सांगून काढलेला. पट्टी बघा. धुऊन घडी मोडल्यासारखी आहे. आणि मला एकच सांगा, हा फोटो काढणारा कुठे उभा होता? नदीच्या मधोमध! गोळ्या येताहेत आणि हा बाबा पाण्यात पाय रोवून, नेम धरतोय?"

खोलीतले सगळे फोटोकडे बघायला लागले. नानांनीही पाहिलं. आयुष्यभर त्यांनी तो फोटो पाहिला होता, पण तो काढणाराही कोणी असेल आणि त्यालाही पाय असतील, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"माझे वडील खोटे आहेत असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाना, वडील खरेच आहेत. फोटोबद्दल बोलतोय मी."

"फोटोत वडीलच आहेत!"

कार्यकारिणीने मग सगळ्या कार्यकारिण्या करतात तेच केलं. दोन्ही बाजूंनी आपापसात मिटवावं, कार्यक्रमापर्यंत निकाल कळवावा, तोवर फोटो बाईंच्या कपाटात राहावा.

नाना घरी आले ते बूट न काढताच पलंगावर बसले. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, आबा आत बसलेत. त्यांनाच विचारा ना."

"काय विचारू? तुम्हाला गोळी लागली ती खरंच लागली का? या वयात असं विचारायचं बापाला? धक्क्याने काही झालं तर?"

"त्यांना काही होत नाही. सकाळी दोन मजले चढून आले."

"तुला नाही कळायचं."

तिला काय कळत होतं ते ती सांगणार होती, पण तेवढ्यात दूध उतू गेलं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. लिफ्ट बंद होती, त्यामुळे सगळे जिन्यानेच जात-येत होते, आणि जिन्यात भेटलेला माणूस मत दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "फोटो सगळे मांडलेलेच असतात हो. माझ्या लग्नातला हार मी तीनदा घातलाय. म्हणून लग्न खोटं का? तसं असतं तर सुटलो नसतो?" तळमजल्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याने डोळे बारीक करून सांगितलं, "असा फोटो घाईघाईत निघू शकतो की नाही, हे करून बघितल्याशिवाय कसं सांगायचं?"

नानांच्या डोक्यात दिवा पेटला. करून बघायचं! चार साध्या माणसांनी एका माणसाला पाण्यातून न्यायचं, स्टुडिओवाल्याने समोरून पटकन टिपायचं, कोणाला उभं करायचं नाही, थांबवायचं नाही. फोटो तसाच आला तर मास्तरांचं तोंड बंद. फोटो मांडलेला नाही हे सिद्ध करायला आपण तो मांडायला निघालोय, हे नानांच्या लक्षात आलं नाही. आणखी वाईट म्हणजे, ते मास्तरांच्याही लक्षात आलं नाही. उलट ते खूश झाले.

"प्रयोग! हे शास्त्रीय आहे. पण स्ट्रेचर उचलायला मी असणार. विरोधी पक्षाचा एक माणूस हवाच."

स्ट्रेचर आणायला नाना दवाखान्यात गेले. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पेशंट कुठाय?"

"पेशंट नाही. फक्त स्ट्रेचर हवंय."

"पेशंटशिवाय स्ट्रेचर मिळत नाही."

"आणि पेशंट झाला तर?"

"मग पेशंटला इकडे आणा."

"पण त्याला आणायला स्ट्रेचर लागेल ना?"

"बघतो," खिडकीतला माणूस म्हणाला. हा शब्द नाना रोज शंभर लोकांना ऐकवत असत. तो कानाला कसा लागतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि खिन्न होऊन ते घरी आले.

जिन्याला रंग चालू होता. रंगाऱ्याच्या शिडीवर गादी टाकली की स्ट्रेचर तयार. पण रंगारी म्हणाला, शिडी मी कोणाच्या हातात देत नाही, मागे एकाला दिली ती परत आली नाही. म्हणून शिडीबरोबर रंगारीही आला. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक सुटा भाग येईपर्यंत रिकामाच बसला होता, त्यालाही घेतला. चौथी जागा सेक्रेटरींना देणं भाग पडलं, कारण गच्ची त्यांच्या ताब्यात. गच्चीच्या नियमांत गाद्या वाळवणं, पतंग आणि मोठ्याने गाणं यांना बंदी होती. लढाईबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. सेक्रेटरींनी बराच विचार करून परवानगी दिली, पण आपण अधिकारी होऊ असं सुचवलं. फोटोत अधिकारी नाही, असं मास्तरांनी भिंगासकट दाखवून दिलं, तेव्हा ते नाइलाजाने पुढच्या उजव्या बाजूचे सैनिक झाले.

पाण्याचा प्रश्न नानांच्या खात्यातला. त्यांनी गच्चीच्या मोरीत बोळे कोंबले आणि टाकीचा व्हॉल्व्ह सोडला. सगळी टाकी रिकामी झाली तरी पाणी घोट्यापर्यंतच आलं. खालच्या मजल्यांवर अंगाला साबण लावून उभ्या राहिलेल्या लोकांनी ज्या तक्रारी केल्या, त्या दुसऱ्या दिवशी नानांच्याच टेबलावर आल्या. पण त्या दिवशी नाना टेबलावर नव्हते.

स्ट्रेचरवर कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. वडिलांच्या जागी मुलगा. बायकोने डोक्याला पट्टी बांधली, जरा जास्तच घट्ट. "आबांना विचारलंत?" तिने पुन्हा एकदा विचारलं.

"त्यांना काही कळू देऊ नकोस. आणि त्या पट्टीवर थोडी लाल शाई..."

"शाई नाही!" मास्तर ओरडले. "मूळ फोटोत रक्त नाही. पुराव्यात ढवळाढवळ चालणार नाही."

पहिली फेरी सुरेख झाली. नाना वजनाने भरलेले होते. चौघांच्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि 'हा पडला तर' या एकाच विचाराने चेहऱ्यांवर असा गंभीरपणा आला होता, की तो खऱ्या रणांगणावरही सहज मिळायचा नाही. नानांनी डोळे मिटले. आपले वडील असेच पडले असतील, वर असंच ऊन असेल, या विचाराने त्यांना अगदी भरून आलं. स्टुडिओवाल्याने फोटो टिपला.

"झकास! अजून एक घेऊ?"

इथे थांबायला हवं होतं. पण कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या सेक्रेटरीला कोण थांबवणार? दुसऱ्या फेरीत मोरीपाशी मास्तरांचा पाय शेवाळावर पडला. ते सटकले, रंगाऱ्याने माणूस सोडून शिडी सावरायचा प्रयत्न केला, नाना पाण्यात पडले आणि सावरलेली शिडी त्यांच्या घोट्यावर.

हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. लिफ्ट बंद. तेव्हा त्याच शिडीवर, त्याच गादीवर, त्याच चौघांनी नानांना जिन्यातून खाली न्यायला सुरुवात केली, आणि या खेपेला ते खरं होतं. मजल्यामजल्यावर दारं उघडी. साबणाचे लोक टॉवेल गुंडाळून बाहेर आलेले. घाबरले की हसू फुटायचं, अशी सेक्रेटरींना खोड होती. ते हसायला लागले, त्यांचं बघून मेकॅनिक हसायला लागला. रंगारी "शिडी भिंतीला लावू नका, रंग ओला आहे" असं ओरडत होता. नाना वेदनेने कळवळत होते, पण वळणावर समोर कॅमेरा दिसला आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी एका हाताने केस सारखे केले आणि हसले. स्टुडिओवाल्याने तेही टिपलं.

दोन दिवसांनी दोन्ही फोटो धुऊन आले. नाना पाय उशीवर ठेवून पडले होते. मास्तर गुन्हेगारासारखे पायाशी बसले होते. रोज येऊन बसत होते. दोघांनी फोटो शेजारी शेजारी ठेवले.

गच्चीवरचा फोटो इतका खरा दिसत होता, की मेकॅनिकची बायको तो पाहून रडली म्हणे. जिन्यातला फोटो मात्र कुठल्याशा विनोदी नाटकाच्या जाहिरातीसारखा आला होता.

मास्तरांनी भिंग काढलं, पुसलं आणि परत ठेवलं. "नाना," ते हळूच म्हणाले, "मांडलेला फोटो खरा दिसतोय. म्हणजे माझं बरोबर."

"आणि खरा फोटो मांडलेला दिसतोय. म्हणजे तुमचं चूक."

"हो. तेही आहेच."

एवढं पाणी, एवढी माणसं, एक घोटा, आणि आपण जिथे होतो तिथेच. नानांना रडू यायला लागलं. "मास्तर, मला फोटोचं काही नाही हो," ते म्हणाले. "मी तक्रारीच्या टेबलावरचा माणूस. लोक माझं नावसुद्धा विचारत नाहीत. त्या फोटोतल्या माणसाचा मुलगा, एवढंच माझं आहे."

आबा कधी दारात येऊन उभे राहिले होते, कोणाला कळलं नाही. ते आत आले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी हात पुढे केला. नानांनी लपवायच्या आत जिन्यातला फोटो त्यांच्या हातात गेला होता.

आबांनी तो पाहिला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. नाना घाबरून उठायला लागले तर आबा हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसत होते.

"लांब्या," आबा म्हणाले. "लांब्या अस्सा हसत होता."

"कोण लांब्या?"

"आमच्यातला. लांब होता म्हणून लांब्या. पोटात लागलं होतं त्याला. संध्याकाळ झाली होती. आम्ही चौघांनी उचलला, नदीतून आणला. मी पुढे डाव्या बाजूला. अख्ख्या वाटेने बडबडत होता. म्हणे, नीट चाला रे, पाणी नाकात गेलं तर घरी काय सांगाल, गोळीने मेला की सर्दीने? आम्ही हसून हसून दोनदा थांबलो. शिव्या दिल्या त्याला. वरून गोळ्या, आणि आम्ही हसतोय."

"पण फोटोत तर तुम्ही..."

"ते दुसऱ्या दिवशी रे. उजाडल्यावर पेपरचा माणूस आला. स्ट्रेचर धुऊन उन्हात ठेवलेलं त्याने बघितलं. म्हणाला, कालचं पुन्हा करा. साहेबांनी सांगितलं, करा. पण स्ट्रेचर रिकामं होतं. लांब्या पहाटेच गेला होता. कोणी त्याच्यावर झोपायला तयार होईना. मग सगळे म्हणाले, तू हलका आहेस, तू झोप, तुझ्या जागी दुसरा उचलेल. पेपरवाला म्हणाला, पोटाचं दिसत नाही, डोक्याला पट्टी बांधा. बांधली." आबांनी डोक्याला हात लावला. "मला गोळी कधी लागलीच नाही."

मास्तर जिंकले होते, पण ते फरशीकडे बघत होते.

"आबा, मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुझ्या आईने पेपरात बघितलं, कापून घेतलं, मी घरी यायच्या आत गल्लीभर दाखवलं. सांगणार होतो. तोवर तू झालास. जरा मोठा झालास तर तूच सांगायला लागलास. तुझ्यातून सवड मिळाली तर मी बोलणार ना?"

नाना बायकोकडे वळले. ती दाराला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य मुळीच नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"लग्न झालं त्याच वर्षी विचारलं होतं मी. चहा देताना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही सांगत होता."

नानांनी बाहीने डोळे पुसले. मग आबांनाच म्हणाले, "कार्यक्रमाचं काय करायचं?"

"तुला काय वाटतं?"

असं आबांनी त्यांना आजवर कधी विचारलं नव्हतं. नानांना वाटत होतं ते असं, की ही खोली, हे चौघं, यांच्या बाहेर ही गोष्ट जाऊ नये. कोट इस्त्री होऊन आला होता. त्यांनी गच्चीवरचा फोटो हातात घेतला. त्यात ते इतके छान जखमी दिसत होते. मग जिन्यातला घेतला.

"लावू या," ते म्हणाले. "पण खाली खरं लिहू."

नाना कुबड्या घेऊन वाचनालयात गेले, मास्तर त्यांची पिशवी धरून. कार्यकारिणी चाट पडली. मांडलेला फोटो लावायचा कसा? आणि पितळी पाटीवर 'लांब्या' असं टोपणनाव कोरायचं, हे संस्थेला शोभतं का? पूर्ण नाव आणा, आडनाव आणा. आबांना ते आठवत नव्हतं. एक सभासद म्हणाले, "बघतो."

"बघायचं नाही," नाना म्हणाले, आणि कुबडी टेबलाला टेकवून त्या सभासदासमोरच खुर्ची ओढून बसले. "मी लिहून घेतल्याशिवाय इथून उठणार नाही. माझ्या टेबलापुढे लोक असेच बसतात, मला माहीत आहे कसं बसायचं ते."

मास्तरही शेजारी बसले. त्यांना इतिहास सांगायला वर्ग मिळाला होता; त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. तासाभरात पाटी मंजूर झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी पडदा आबांनीच सरकवला. त्यांना दोन शब्द बोला म्हणाले. आबा माइकसमोर उभे राहिले आणि लांब्याने सांगितलेला तो सर्दीचा विनोद त्यांनी जसाच्या तसा सांगितला. हसावं की नाही हे लोकांना कळेना. आधी सेक्रेटरी हसले, घाबरून. मग सगळे हसले. पुढच्या ओळीत नाना पाय लांब करून बसले होते. फोटोतल्या माणसाबद्दल कोणी दुसऱ्याने बोलायची ती पहिलीच वेळ, आणि ते ऐकत होते.

फोटो अजून वाचनालयात आहे. खाली लिहिलंय: हा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालून काढलेला आहे. या स्ट्रेचरवर लांब्या होता.

नदी ओलांडली त्या संध्याकाळनंतरच्या पहाटे लांब्या गेला, पोटातल्या जखमेने. आबा पाटी लागल्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात गेले, दुपारी, झोपेत.